खेळणं नक्की कोणी खेळायचं?

मंडळी, बऱ्याच दिवसांनी लिहायला बसलेय. कारण घरच्यांना माहीतच आहे, ब्लॉगवरच्या दोस्तांसाठी सांगते : नात! दहा महिन्यांची झाली. सध्या माझा मुक्काम लेकीकडे, ठाण्याला. ती झोपली की लिहावं म्हणते, पण ती झोपली की मलाही झोप लागते. असो.

आज लिहायचं निमित्त म्हणजे, "बाळाला काय आणू?" हा आमच्या नातेवाइकांच्या ग्रुपवर दर आठवड्याला येणारा प्रश्न. प्रत्येकाला वेगवेगळं उत्तर देण्यापेक्षा म्हटलं एकदाच सविस्तर लिहावं. कोणाला टोमणा वाटला तर वाटो, प्रेमानेच मारलाय. :)

माझी एक साधी कसोटी आहे. खेळणं हातात घ्या आणि विचारा, बाळाने काहीच केलं नाही तर हे काय करतं? खुळखुळा काही करत नाही. वाटी, चेंडू, लाकडाचा ठोकळा, कोणीच काही करत नाही. बाळ हलवेल तेव्हा ते बोलतील, जोरात हलवलं तर जोरात, हळू हलवलं तर हळू. आता ती सेलवर चालणारी आगगाडी घ्या. एकदा बटण दाबलं की पाऊण मिनिट गाते, दिवे लावते, गोल फिरते, भिंतीला धडकून वळते आणि शेवटी इंग्रजीत शाबासकीही देते. बाळ काय करतं? बघतं. म्हणजे खेळतंय ते खेळणं, आणि बाळ प्रेक्षक! आमच्या बाईसाहेबांनी त्या आगगाडीकडे तोंड उघडं टाकून दोनदा बघितलं, तिसऱ्यांदा तिच्या चाकाला बोट लावायला गेली तर गाडी निघून गेली. मग ती वळली आणि माझ्या चपलेचा पट्टा ओढायला लागली. चपलेचा पट्टा ओढला की चप्पल येते ना!

आता यात "जुनं ते सोनं" असं काही मला म्हणायचं नाहीये. मुद्दा लाकडाचा आणि प्लॅस्टिकचाही नाही. मुद्दा उत्तराचा आहे. मी काहीतरी केलं आणि जगाने त्याला उत्तर दिलं, हे दोन-तीन महिन्यांच्या जिवालाही कळतं आणि कळल्यावर त्याला कमालीचा आनंद होतो. हे माझं आजीपणाचं कौतुक नव्हे, लोकांनी मोजून बघितलंय.

1960च्या दशकातली गोष्ट. अमेरिकेत कॅरोलिन रोवी-कॉलियर नावाच्या मानसशास्त्राच्या अभ्यासक होत्या. घरी तान्हा मुलगा आणि डोक्यावर प्रबंधाचं काम. (किती ओळखीचं वाटतंय ना?) बाळ स्वस्थ बसू देईना. पाळण्यावर टांगलेलं फिरतं झुंबर त्याला आवडायचं, पण ते सारखं हलवणार कोण? तेव्हा या बाईंनी एक पट्टा घेतला, एक टोक बाळाच्या घोट्याला बांधलं, दुसरं झुंबराला. बाळाने लाथ मारली, झुंबर हललं. परत मारली, परत हललं. थोड्याच वेळात बाळाच्या लक्षात आलं की हे मीच करतोय, आणि मग लाथांचा सपाटा सुरू. आईला काम करायला वेळ मिळाला, शिवाय जन्मभराचा संशोधनाचा विषयही मिळाला. 1969 साली त्यांनी तो प्रयोग रीतसर छापला. झुंबर दुसऱ्या कोणी हलवलं, बाळाच्या लाथेशी त्याचा संबंध नसला, तर लाथा वाढत नाहीत. संबंध असला तरच वाढतात. आणि पुढे त्यांनी दाखवलं की तीन महिन्यांची बाळं ही युक्ती सुमारे आठवडाभर लक्षात ठेवतात. म्हणजे मध्ये बरेच दिवस गेल्यावर तेच झुंबर दिसलं की पाय आपोआप उडायला लागतात. तोपर्यंत इतक्या लहान बाळांना आठवण वगैरे काही नसते असंच मानलं जायचं.

याच्याही पुढचा प्रयोग मला जास्त आवडतो. कॅलिफोर्नियातले जॉन वॉटसन. त्यांनी दोन महिन्यांच्या बाळांच्या घरी, पाळण्यावर टांगायला झुंबरं दिली, रोज दहा मिनिटं, दोन आठवडे. काही बाळांच्या डोक्याखाली अशी उशी होती की डोकं दाबलं की झुंबर फिरायचं. दुसऱ्या गटाचं झुंबरही फिरायचं, पण आपलं आपण. तिसऱ्या गटाचं नुसतंच टांगलेलं. काही दिवसांत पहिल्या गटातल्या आयांनी सांगितलं की बाळ झुंबराकडे बघून खदखदून हसतं, गप्पा मारतं! 1972 साली हे छापून आलं. दुसऱ्या गटातल्या बाळांना बघायला मिळालं ते जवळजवळ तसंच होतं, तसंच रंगीत, तसंच फिरणारं. पण ते हसू काही आलं नाही.

मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला आपल्याकडचे वाळे आठवले. घुंगुरवाळे! पाय झाडला की छुम्म. हा घोट्याला बांधलेल्या पट्ट्याचाच प्रकार झाला की. आणि पाळण्यावरचं चिमणाळं. त्या कापडी चिमण्या काय आपोआप फिरत नाहीत, बाळाने अंग घुसळलं, पाळणा हलला की त्या हलतात. आणि पांगुळगाडा, बाळाने ढकलल्याशिवाय इंचभर पुढे न जाणारा. (त्याच्या जागी हल्ली जो मधे बसवायचा गोल वॉकर आणतात तो कृपया आणू नका. बाळ पायाने रेटत सुसाट सुटतं आणि जिन्यावरून पडतं. कॅनडाने 2004 साली त्याच्या विक्रीवर बंदीच घातली आहे.) आपल्या पणज्यांनी मानसशास्त्र वाचून हे केलं असं काही मी म्हणणार नाही. वाळे हौसेचे होते, दृष्टीचे होते, आणि बाळ कुठे रांगत गेलंय ते स्वयंपाकघरातून कळावं म्हणूनही असतील. पण बाळाच्या बाजूने बघितलं तर पाय हलवला की आवाज येतो, इतका पक्का संबंध त्या आगगाडीत शोधून सापडत नाही. वाळे घालणार असाल तर घुंगरू घट्ट आहेत ना ते मात्र रोज ओढून बघा, सैल झालेला घुंगरू थेट तोंडात जातो. आमच्याकडे ते फक्त फोटोपुरते घातले.

इथपर्यंत बहुतेक सगळे माना डोलावतात. भांडण होतं ते पुढच्या मुद्द्यावर. तो म्हणजे, बाळ खेळत असताना आपण गप्प बसायचं.

मागच्या पंधरवड्यात घरी पाहुणे आले होते. नात चटईवर, समोर एक स्टीलची वाटी, एक चमचा, एक टोप. ती वाटी फरशीवर आपटत होती, ठण्ण. मग तीच वाटी चटईवर आपटली, धप्प. थांबली. वाटीकडे बघितलं. पुन्हा फरशीवर, ठण्ण. पुन्हा चटईवर, धप्प. असं किती वेळ चाललं असेल! वाटी तीच, हात तोच, आवाज वेगळा का, हा प्रश्न तिच्या कपाळावर लिहिलेला मला दिसत होता. तेवढ्यात पाहुण्यांतल्या एकांनी पुढे होऊन वाटी तिच्या हातातून घेतली, "अगं अशी नाही, अशी वाजवायची," म्हणत चमच्याने टणटण वाजवून दाखवली, तिचा हात धरून तिच्याकडून वाजवून घेतली आणि टाळ्या पिटल्या. झालं, संपला खेळ. तिने वाटी सोडली आणि टाळ्या वाजवणाऱ्यांच्या तोंडाकडे बघत बसली. वर मला ऐकवलं, "एकटीच टाकलीय का हो हिला? कोणी खेळत नाही वाटतं हिच्याशी."

मला काही वाटलं नाही. या वयात वाटेनासं होतं. पण लेकीचा चेहरा उतरला तो मी बघितला. सव्वीस आठवड्यांची बाळंतपणाची रजा संपवून ती कामावर परत गेली त्याला आता काही महिने झालेत. संध्याकाळी सातला दारात येते, चपला काढायच्या आत बाळाला घेते, आणि मग साडेआठपर्यंत त्या दीड तासात दिवसभराचं सगळं भरून काढायच्या मागे लागते. हे दाखव, ते वाजव, प्राण्यांची कार्डं, रंगांची कार्डं. ऑफिसातल्या मैत्रिणी सांगतात की पहिल्या वर्षात मेंदूला "चालना" मिळाली नाही तर गाडी सुटली. बाळ मध्येच मान वळवतं, म्हणजे पुरे म्हणतं, तर हिला वाटतं आपलंच काहीतरी कमी पडतंय. म्हणून "एकटी टाकलीय" हे वाक्य मला साधं वाटत नाही. कामावर जाणाऱ्या प्रत्येक आईला ते बरोबर जिथे लागायचं तिथे लागतं. बाबांना हे कोणी म्हणताना मी अजून ऐकलेलं नाही, तेही नोंदवून ठेवते.

तर लेकी, हे तुझ्यासाठी. हंगेरीत एमी पिकलर नावाच्या बालरोगतज्ज्ञ होत्या. दुसऱ्या महायुद्धानंतर, 1946 साली, बुडापेस्टमध्ये त्यांनी अनाथ आणि आईपासून दुरावलेल्या तान्ह्या मुलांचं घर सुरू केलं. मुलं बरीच आणि सांभाळणाऱ्या बायका मोजक्या. त्यांनी काय करावं? आंघोळ, भरवणं, कपडे बदलणं ही कामं अजिबात घाईने करायची नाहीत. त्या वेळी सगळं लक्ष त्या एका बाळाकडे. त्याच्याशी बोलायचं, "आता हात उचल बरं" म्हणून थांबायचं, त्याने हात उचलला की मगच बाही चढवायची. आणि बाकीच्या वेळात बाळाला सुरक्षित जागी, जमिनीवर, मोकळ्या कपड्यांत, दोन-चार साध्या वस्तू देऊन त्याच्या मनासारखं खेळू द्यायचं. बसवायचं नाही, उभं करायचं नाही, ते आपलं आपण बसेल. पहिलं खेळणं कुठलं, तर एक रंगीत सुती रुमाल. चिमटीत धरता येतो, चोखता येतो, तोंडावर घेता येतो, काढता येतो, कसाही चुरगळला तरी चालतो. पोटभर लक्ष मिळालेलं बाळ निवांत एकटं खेळतं, असा त्यांचा अनुभव. म्हणजे एकटं खेळणं हे आई नसल्याचं लक्षण नाही, बहुतेक वेळा आई नीट मिळाल्याचं आहे. तुझा तो दीड तास जेवण-आंघोळीत गेला तर तो वाया गेलेला नाही गं.

यावर कोणी म्हणेल, मग खेळण्यापेक्षा माणूस काय वाईट? माणूसही उत्तर देतोच की. देतो, आणि भाषा माणसांकडूनच येते, वाटीकडून नाही. पण दोन्हींची उत्तरं वेगळी. वाटी दर वेळी तेच उत्तर देते. कंटाळत नाही, शाब्बास म्हणत नाही, रागावत नाही, फोन आला म्हणून उठून जात नाही. म्हणून तर बाळाला तिच्यावरून पक्कं काहीतरी ताडून बघता येतं. आपण शाब्बास म्हटलं की त्याचं लक्ष वाटीवरून उडून आपल्या चेहऱ्यावर येतं. ती टाळ्यांची गोष्ट पाहिलीत ना वर?

आणि गंमत म्हणजे बोलकी खेळणी नेमका माणसांचाच आवाज बंद करतात. अमेरिकेत अॅना सोसा यांनी 2016 साली एक छोटा अभ्यास छापला. 26 घरं, दहा ते सोळा महिन्यांची बाळं. एकदा आवाज-दिव्यांची इलेक्ट्रॉनिक खेळणी, एकदा साधी खेळणी, एकदा पुस्तकं दिली आणि घरातलं बोलणं ध्वनिमुद्रित केलं. इलेक्ट्रॉनिक खेळणी असताना आईबाप कमी बोलले, बाळाच्या आवाजाला उत्तरही कमी दिलं. स्वाभाविक आहे, खेळणं बडबडत असेल तर मधे कोण बोलणार! 26 घरं म्हणजे फार नव्हेत, पण आमच्या हॉलमध्ये रोज दिसतं ते याहून वेगळं नाही.

बरं, सगळे सेल वाईट असंही नाही. बटण दाबेपर्यंतच दिवा लागतो, सोडलं की विझतो, असं खेळणं माझ्या कसोटीत पास आहे. आणि ज्या मुलांचे हातपाय नीट चालत नाहीत, सेरेब्रल पाल्सीसारखा त्रास आहे, त्यांच्यासाठी तर एक मोठं बटण आणि त्याला जोडलेलं सेलवरचं खेळणं ही फार मोठी गोष्ट असते. थोपटलं, कोपर लावलं, गाल टेकवला तरी ससा उडी मारतो. ज्याला खुळखुळा धरता येत नाही त्याला "मी केलं, झालं" हे कळायला दुसरा मार्ग कुठला?

किमतीचं म्हणाल तर आपल्याकडे ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी हा विषय कधीच निकालात काढलाय. 1945 साली बोर्डीला आणि 1957 पासून कोसबाडच्या टेकडीवर, आदिवासी मुलांसाठी त्यांनी बालवाड्या चालवल्या, तेव्हा मॉन्टेसरीची महागडी साधनं त्यांना परवडण्यातली नव्हती. त्यांनी बिया, शिंपले, पानं, खडे घेतले आणि त्यातून साधनं केली. अर्थात ती मुलं मोठी होती. दहा महिन्यांच्या बाळाला बिया-खडे देऊ नका, सरळ घशात जातील! आमच्याकडे पोळ्या करायला येणाऱ्या ताईंचा नातू झाकण घट्ट बसवलेल्या बाटलीत डाळ भरून खेळतो. पण त्यांच्या दहा बाय दहाच्या खोलीत स्टोव्हपासून लांब ठेवायला जागा कुठे आहे, म्हणून त्याला बराच वेळ कडेवरच ठेवावं लागतं. मोकळी, सुरक्षित फरशी ही खेळण्याहून महाग वस्तू आहे, हे मोठमोठी खेळणी आणताना आपल्या लक्षात येत नाही.

तर आता "काय आणू?" काहीही आणू नका म्हटलं तर ऐकणार नाही, माहीत आहे. मग एकातएक बसणाऱ्या वाट्या आणा, सावंतवाडीचे लाकडी ठोकळे आणा, पण रंग चाटला तर चालेल का ते विचारून घ्या, कापडाचा चेंडू आणा. विकत घेताना आयएसआयची खूण बघा, 1 जानेवारी 2021 पासून ती खेळण्यांवर सक्तीची आहे. बटणाएवढे चपटे सेल ज्यात असतात ते तर मुळीच नको. तो गिळला तर अन्ननलिका काही तासांत जळते. आणि एका वेळी एकच आणा. टोलेडो विद्यापीठाच्या 2018च्या एका अभ्यासात, दीड ते अडीच वर्षांच्या मुलांना कधी चार तर कधी सोळा खेळणी दिली होती. चार असताना ती एकेका खेळण्याशी जास्त वेळ आणि जास्त तऱ्हांनी खेळली. आमच्याकडची निम्मी खेळणी लेकीने माळ्यावर टाकली आहेत. आलटून पालटून काढतो.

राहता राहिला एक खेळ, ज्यात मला गप्प बसता येत नाही. वस्तू खाली टाकण्याचा. जाँ पियाजे यांनी आपल्याच मुलांची बारीक निरीक्षणं करून 1936 साली पुस्तक लिहिलं, त्यात त्यांचा दहा महिन्यांचा मुलगा आडवा पडून सेल्युलॉइडचा हंस, डबी, असं हातात येईल ते हात कधी उंच धरून, कधी बाजूला नेऊन टाकतो आणि कुठे पडलं ते बघतो. आमचीही तेच करते, फक्त हंसाऐवजी चमचा. आणि चमचा पडल्यावर उत्तर म्हणून तिला काय मिळतं, तर वाकणारी आजी! म्हणजे खेळणं मीच. दहा वेळा वाकते, अकराव्यांदा कंबर नाही म्हणते. मग परवा मी चमच्याला वीतभर सुतळी बांधली आणि तिच्या उंच खुर्चीच्या पट्टीला अडकवली. (वीतभरच, लांब दोरी गळ्याला बसते. आणि मी समोर बसलेली असते, उठले की सुतळी सोडते.) पहिला दिवस ती चमचा टाकून माझ्याकडे बघत राहिली. मी जागची हलले नाही. काल तिचा हात चुकून सुतळीला लागला, चमचा डुगडुगला. तिने सुतळीकडे बघितलं, चमच्याकडे बघितलं, आणि ओढलं. आज सकाळपासून ती चमचा टाकतेय, वर ओढतेय, परत टाकतेय, आणि मी समोर बसून गरम चहा पितेय.